घराची धाव

३० सप्टेंबर १९९३. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी आमच्या नगरच्या घरातल्या मांडणीवरची भांडी खुळखुळली आणि आई उठून बसली. आदल्या रात्री अनंत चतुर्दशी, मिरवणुकीचे ढोल उशिरापर्यंत चाललेले. वडील म्हणाले, एखादा जड ट्रक गेला असेल, झोपा. सकाळी रेडिओवर भूकंपाच्या बातमीत लातूर-उस्मानाबादकडच्या किल्लारी आणि सास्तूर या गावांची नावं ऐकली. तोवर मला ही दोन्ही गावं माहीत नव्हती.

३ ऑक्टोबरला रविवार होता. उपासनेनंतर आमच्या चर्चच्या मंडळीत नेहमीचं दानार्पण झालं आणि त्यावर पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, दुसरी झोळी फिरवली. सोमवारी रात्री ट्रक निघाला : करमाळा, सोलापूर, नळदुर्ग, उमरगा. चर्चच्या मदतसंस्थेचे लोक आधीच पोहोचले होते आणि त्यांना मोजमाप कळणारं कुणीतरी हवं होतं. मी तेव्हा तेवीस वर्षांची, सिव्हिलचा डिप्लोमा करून एका ऑफिसात नकाशे काढायचे. पंधरा दिवसांची रजा टाकून गेले. रजा संपली तेव्हा राजीनाम्याचं पत्र पोस्टाने पाठवलं.

ज्या गावात मी राहिले त्याचं नाव इथे लिहीत नाही. तेरणा नदीच्या काठापासून फार लांब नव्हतं, एवढं पुरे. आम्ही पोहोचलो तेव्हा पाऊस पडत होता. भूकंपानंतर त्या भागावर पाऊसच कोसळला होता, आणि लष्कराचे जवान त्या चिखलात दगड उपसत होते. सरपणही ओलं होतं. पडलेल्या घरांच्या तुळया, खांब, दारं ओढून काढून त्यांच्यावर चिता रचल्या जात होत्या. ज्या तुळईखाली माणूस जन्मला, वाढला, तिच्यावरच त्याला जाळलं. हे मी पाहिलं आहे. त्याहून जास्त मला लिहवत नाही.

बाहेरून आलेले पुष्कळ लोक विचारायचे, धक्का एवढा मोठा नव्हता म्हणतात, मग इतकी माणसं कशी गेली? सरकारी आकडा आठ हजारांच्या जवळपासचा आहे. भूकंपाची तीव्रता ६ रिश्टरच्या थोडी वर, पण तो जमिनीखाली फार खोल नव्हता, आणि पहाटे सगळी माणसं घरात झोपलेली. वर आमच्या घरांची बांधणी. मराठवाड्यातलं माळवद, म्हणजे मातीच्या सपाट छताचं दगडी घर, ज्यांनी पाहिलं असेल त्यांना सांगायला नको. दोन-अडीच हात रुंदीची भिंत, बाहेरून पाहिली तर गढीसारखी. आतून मात्र ती एक भिंत नसतेच. बाहेरच्या अंगाला दगडांची एक रांग, आतल्या अंगाला दुसरी, आणि मध्ये गोटे आणि चिखल. दोन्ही रांगांना बांधणारा आरपार दगड घातलेला नाही. छपराला तुळया, त्यावर लाकडी किलचन, त्यावर पाला आणि माती. मृगाच्या आधी गळती थांबावी म्हणून दरवर्षी पांढऱ्या मातीचा नवा थर. आजोबांच्या वेळी वीतभर असलेली माती नातवाच्या वेळी दोन हात झालेली. उन्हाळ्यात त्या घरात एवढा गारवा की दुपारी घोंगडी अंगावर घ्यावी. त्या गारव्याचं वजन कुणी मोजलं नव्हतं.

पडलेल्या एका भिंतीचा तुकडा उभा होता, त्याच्यासमोर मी पहिल्या आठवड्यात तासभर बसून चित्र काढलं. मधला गाळा उघडा पडलेला. गोट्यांच्या मध्ये ज्वारीचं एक वाळलेलं ताट, मडक्याची खापरी आणि लहान मुलीच्या हातातली हिरवी बांगडी. कधीकाळी चिखलाबरोबर ती भिंतीत गेली असणार. बाहेरची रांग धक्क्यासरशी बाहेर कोसळली, आतली आत, म्हणजे झोपलेल्या माणसांवर. गावाच्या कडेला छपराच्या झोपड्यांत राहणारे भूमिहीन मजूर त्या मानाने पुष्कळ वाचले. ज्यांचे वाडे मोठे, त्यांच्याकडे जास्त माणसं गेली.

पहिल्या महिन्यातलं आमचं काम धड नव्हतं. हे प्रामाणिकपणे लिहायला हवं. आम्ही पाव आणि बिस्किटं नेली होती. ती दोन दिवस चालली. जुन्या कपड्यांचे ढीग तर रस्त्याच्या कडेला भिजत पडले होते, आमचे आणि इतरांचेही. एका बाईंना मी साडी द्यायला गेले. त्यांचा नवरा आणि थोरला मुलगा गेलेला, पदराशी दोन लहान मुली. गावात सगळे त्यांना वहिनी म्हणायचे, मीही म्हणू लागले. साडीकडे न बघता त्या म्हणाल्या, "ताई, लुगडं ऱ्हाऊ द्या. काथवट हाय का? भाकरी कशात मळू?" आमच्या ट्रकमध्ये एकही काथवट नव्हती, तवा नव्हता, ज्वारीचं पीठ नव्हतं. त्या रात्री तंबूत बसून आम्ही यादी नव्याने केली : तवा, काथवट, कळशी, कंदील, दोन घोंगड्या, ताडपत्री, ज्वारी, डाळ, मीठ-मिरची. पुढच्या ट्रकपासून तेच आणलं.

ऑक्टोबर म्हणजे रब्बीच्या पेरणीचे दिवस. माणसं दुःखात होती, पण वाफसा थांबत नाही. गोठ्यात बांधलेली कितीतरी जनावरं दगडांखाली मेली होती. चार बैलजोड्या भाड्याने आणून गावात पाळीने फिरवल्या, बियाणं वाटलं. शाळूचं पीक उभं राहिलं तेव्हा गावाचा आमच्यावर थोडा विश्वास बसला. तोवर तो नव्हता, आणि नसणं बरोबरच होतं.

कारण पहिल्याच बैठकीत सरपंचांनी सरळ विचारलं होतं, "तुम्ही ख्रिस्ती लोक. उद्या आम्हाला धर्म बदला म्हणाल का?" सगळी बैठक गप्प. आमचे पाळकसाहेब तेव्हा साठीचे, आवाज हळू. ते म्हणाले, "प्रार्थना आम्ही आमच्या तंबूत करू. यादीत नाव यायला माणूस या गावचा असला की पुरे." आणि तसंच ठेवलं. वाटपाच्या वेळी प्रार्थना नाही, पुस्तिका नाही, आभाराचं भाषण नाही, घरं झाल्यावर दारांवर क्रूस नाही. आमच्या मंडळीतल्या काहींना ते लागलं. ज्याच्या नावाने देतो त्याचं नाव का घ्यायचं नाही, असं एका काकांनी मला नगरला भर अंगणात विचारलं. माझं उत्तर तेव्हाही हेच होतं आणि आजही आहे : ज्याच्या डोक्यावर छप्पर नाही त्याला नाही म्हणता येत नाही, आणि ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या हो म्हणण्याला काय अर्थ? पुढच्या वर्षी, १९९४ मध्ये, रेड क्रॉस आणि मोठ्या मदतसंस्थांनी मिळून आचारसंहिता काढली. त्यात कॅथलिक कारितास, लुथरन आणि जागतिक चर्च परिषद या ख्रिस्ती संस्थाही होत्या. मदत गरजेप्रमाणे द्यायची, ती कुठल्याही धर्ममताच्या प्रसारासाठी वापरायची नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. मी ती वाचली तेव्हा मला पाळकसाहेबांची बैठक आठवली.

त्या डिसेंबरात नाताळची उपासना तंबूत झाली. आम्ही सात माणसं. बाहेर गावातली पोरं कनात वर करून बघत होती. उपासनेनंतर वहिनींनी गुळाचा चहा करून आणला. गावाला सुतक होतं, गोडधोड कुणी करत नव्हतं, तरी आणला.

नंतर सुरू झालं खरं काम, आणि ते कागदाचं होतं. सरकारने जागतिक बँकेच्या मदतीने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम आखला. पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावं नव्या जागी हलवायची होती, आणि कितीतरी गावं संस्थांनी दत्तक घेतली. आमचं गाव त्यांतलंच. घराचा आकार जमिनीवरून ठरला : भूमिहीन आणि १ हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला २५० चौरस फूट, त्यापुढे ७ हेक्टरपर्यंत ४०० आणि त्यावर ७५०. नियम कागदावर सोपा. पण सात-बारा आजोबांच्या नावावर, आजोबा गेलेले, तीन भाऊ एका चुलीवर जेवणारे, त्यांतला मधला दगावलेला, त्याची बायको माहेरी. घरं किती धरायची? एक, दोन की तीन? अशी घरं गावात डझनावारी. तलाठ्यांबरोबर आणि गावच्या पाच माणसांबरोबर बसून आम्ही ती यादी अकरा वेळा लिहिली. प्रत्येक वेळी शाळेच्या पत्र्यावर चिकटवायची आणि आठ दिवस हरकती घ्यायच्या. आठ जणांच्या मजूर कुटुंबाला २५० फूट आणि तिघांच्या बागायतदाराला ७५०, हे मला पटलं नाही, अजूनही पटत नाही. तो नियम आमच्या हातात नव्हता. हातात होतं तेवढं केलं : लहान घरं जागेच्या कोपऱ्याला सरकवून बांधली, म्हणजे पुढे त्यांना खोली वाढवता येईल.

वहिनींचं नाव पहिल्या यादीत नव्हतंच. दिराच्या नावात त्यांना धरलं होतं. त्या स्वतः शाळेच्या पत्र्यापाशी उभ्या राहून मोठ्याने म्हणाल्या, "माझी चूल येगळी हाय, सगळ्या गावाला ठावं हाय." दुसऱ्या यादीत नाव आलं.

जागा ठरवताना आम्ही शेतात चार ठिकाणी खड्डे घेतले. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, घराला ती चालत नाही. मुरूम वर असेल अशी जागा हवी. ती मिळाली जुन्या गावापासून दीड-दोन किलोमीटरवर, माळावर. म्हाताऱ्यांना ती नको होती. पांढरी, म्हणजे जुनी गावठाणाची जागा, सोडून माळावर जायचं म्हणजे देव, नदी, शेत सगळंच लांब. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पुढे पेरणीच्या दिवसांत माणसं पहाटे निघून रात्री परतायची, ती याच अंतरामुळे.

नकाशा मी काढला होता. सरळ रस्ते, सरळ ओळी, वहीच्या रेघांसारख्या. मला तो फार आवडला होता. माळावर फक्की मारून आम्ही तो आखला आणि बायकांना बघायला बोलावलं. त्या पांढऱ्या रेघांमधून फिरल्या आणि मग एक आजी म्हणाल्या, "हितं बसायचं कुठं? एकमेकीच्या पाठीकडं तोंड करून राहायचं व्हय?" घराच्या पुढे ओटा नव्हता. पाठीला लागून दुसरं घर. जनावर बांधायला जागा नाही. गल्ली नव्हती, रस्ता होता. तीन दिवस त्या बायकांनी दगड मांडून, काठ्या रोवून, भांडून, पुन्हा मांडून घरांची तोंडं फिरवली. आठ-दहा घरं एका चौकाभोवती, मध्ये कडुलिंबासाठी जागा. मी मागून टेप धरून चालत होते आणि वहीत उतरवत होते. सरकारी मंजुरीला त्यामुळे दोन महिने उशीर झाला. ते दोन महिने मी कुणालाही परत मागणार नाही.

बांधकाम सिमेंटच्या पोकळ ब्लॉकचं, आणि जोत्यावर, दारा-खिडक्यांच्या वर आणि छताखाली अशा तीन काँक्रीटच्या सलग पट्ट्या. कोपऱ्यात उभ्या सळ्या. हे गावाला समजावून सांगणं सगळ्यांत अवघड गेलं. मी फळ्यावर बाण काढले, लोकांनी मान डोलावली, आणि कुणालाही काही कळलं नाही. माझं बोलणं संपल्यावर गावचे सुतारमामा उठले. बाजूला एक मोडकी बैलगाडी पडली होती. तिच्या चाकावर हात ठेवून म्हणाले, "ह्या आऱ्या, ह्ये पाटे. समदे सुटे. यानला कोण धरून ठिवतं? धाव. लोखंडी धाव तापवून बसवली की चाक येक व्हतं. ताई म्हनत्यात ती घराची धाव हाय." त्या दिवसापासून आमच्या गावात त्या पट्टीला बँड कुणी म्हटलं नाही. "आमची धाव कधी भरताव?" असं लोक येऊन विचारायचे.

१९९४ च्या हिवाळ्यात कामाला वेग आला आणि तेव्हाच आमच्याकडून मोठी चूक झाली. ब्लॉक एका ठेकेदाराकडून येत होते. सुरुवातीचे चांगले होते, म्हणून आम्ही तपासणी सैल केली. मीच केली. वहिनी तेव्हा रोजावर पाणी मारायच्या कामाला होत्या. एका सकाळी त्या पदरात काहीतरी घेऊन आल्या आणि माझ्या टेबलावर ओतलं. वाळू होती. "भिंतीला हात लावला तर ह्ये पडलं." मी त्यांच्याबरोबर गेले. ब्लॉकचा कोपरा अंगठ्याने दाबला आणि तो साखरेसारखा झडला. सिमेंट कमी, पाणी मारलेलंच नाही. नऊ घरं खिडकीपर्यंत आली होती.

रात्रभर चर्चा झाली. संस्थेतल्या एकाचं म्हणणं, बाहेरून जाड गिलावा केला तर चालून जाईल, लोक पत्र्यांच्या शेडमध्ये दुसऱ्या उन्हाळ्यातही भाजतील, त्यांना अजून थांबवायचं का? हा प्रश्न खोटा नव्हता. त्या शेडमध्ये मार्च-एप्रिलच्या दुपारी मी बसून पाहिलं आहे. माळवदाच्या गारव्यात वाढलेली माणसं तिथे लेकरांना ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची. पाळकसाहेब म्हणाले, "ज्यांची घरं आहेत त्यांना विचारू." सकाळी नऊही घरांची माणसं बोलावली, त्यांच्यासमोर एक ब्लॉक कंबरेच्या उंचीवरून टाकला. त्याचा भुगा झाला. क्षणभर कुणी बोललं नाही. मग त्यांतल्या एका घरच्या म्हाताऱ्या अण्णांनी पहार उचलली आणि आपल्याच भिंतीवर पहिला घाव घातला.

पुढे ब्लॉक गावातच पाडले. खडी, कच आणि सिमेंटचं माप घमेल्याने, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. ब्लॉक सावलीत, पोत्यांखाली, एकवीस दिवस ओले. पाण्याचा टँकर दोन दिवसांआड यायचा. प्यायलाच पाणी कमी, तिथे भिंतीला कुठून द्यायचं? बायकांनी मोरीचं, भांडी घासलेलं पाणी सुद्धा टिपाडात साठवून भिंतींवर मारलं. ज्याचं घर त्याने पाणी मारायचं, असा नियम आम्ही केला नव्हता. तो आपोआप पडला. तापलेल्या भिंतीवर पाणी पडलं की सूं आवाज यायचा, मग ओल्या सिमेंटचा वास. संध्याकाळी सगळ्या माळावर तो एकच आवाज.

याच दिवसांत आसपासच्या गावांत, जिथे घरं पडली नव्हती पण तडकली होती, दुरुस्तीचं काम चालू झालं होतं. सव्वा-दीड लाखांहून जास्त घरांचा तो कार्यक्रम. माळवदावरची माती कमी करायची, भिंतीत भोकं पाडून आरपार काँक्रीटचे जोडदगड बसवायचे. सरकारने त्यासाठी गावोगावी बायकांनाच संवाद सहाय्यक म्हणून नेमलं होतं. त्यांतल्या काहीजणी आमच्याकडे बघायला आल्या. सुतारमामांनी त्यांनाही तेच चाक दाखवलं.

१९९५ च्या मे महिन्यात घरं ताब्यात दिली. समारंभ छोटा. गावाने जुन्या पांढरीतून मारुती वाजतगाजत आणून नव्या पारावर बसवला. पाळकसाहेब त्या मिरवणुकीच्या मागे, चपला हातात घेऊन, माळापर्यंत चालत आले. वहिनींनी आपल्या पडलेल्या घराची सागवानी चौकट दीड वर्ष ताडपत्रीत गुंडाळून जपून ठेवली होती. चितेसाठी लाकूड मागायला आलेल्यांना त्यांनी तुळया दिल्या होत्या, चौकट नाही. आमच्या लोखंडी चौकटीपेक्षा ती चार बोटं रुंद निघाली. सुतारमामांनी दोन दिवस खपून ती बसवली.

चाव्या दिल्या, आणि कुणी घरात झोपेना. दिवसा आत चूल पेटायची, रात्री बाजा ओट्यावर, अंगणात. मी घराघरात जाऊन धाव दाखवली, सळ्या सांगितल्या. लोक म्हणायचे, "व्हय ताई, मजबूत हाय की," आणि बाज अंगणात टाकायचे. मला आधी वाईट वाटलं. मग एका रात्री मी स्वतः त्या नव्या घरांतल्या एका खोलीत झोपायला गेले. नकाशा माझा, पाया माझ्या डोळ्यांसमोर भरलेला. तरी दार उघडं ठेवलं आणि पहाटे चार वाजेपर्यंत छताकडे बघत पडले. नंतर मी कुणाला समजावायला गेले नाही.

७ जूनला मृग निघाला. दोन दिवसांनी रात्री वळवासारखा पाऊस आला, विजांसकट. मी शेडमधून बघत होते. अंगणातल्या बाजा एकेक करून ओट्यावर गेल्या, मग झडप ओट्यावरही येऊ लागली. वहिनींनी कंदील वर धरला, दोन्ही मुलींना आत ढकललं, बाज आडवी करून त्या सागवानी चौकटीतून आत घेतली. दार लावलं नाही. कंदील रात्रभर जळत होता.

सकाळी मी गेले तेव्हा त्या उंबऱ्यात बसून काथवटीत भाकरी मळत होत्या. झोप लागली का, मी विचारलं.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "पर पोरी झोपल्या."